तारलीचं तेल कुठं गेलं?

मागच्या अंकात बांगड्याच्या अंगातल्या लाल पट्ट्याबद्दल चार ओळी लिहिल्या, तर आलेली पत्रं जवळजवळ सगळी माशाच्या चरबीवरच घसरली. त्यातली सहा घेते आहे. नेहमीप्रमाणे नाव नाही, गाव तेवढं.

प्रश्न : ऑगस्टअखेर तारल्या आणल्या. तव्यावर टाकल्या तर पाणी सुटलं, वरून तेल घालावं लागलं. नोव्हेंबरात त्याच मावशीकडून, तेवढ्याच लांबीच्या आणल्या, तर तव्यात तेलाचं तळं! घरच्यांचं म्हणणं, पहिल्या वेळी मावशीने बर्फातला शिळा माल गळ्यात मारला. खरं काय? (डोंबिवली)

उत्तर : मावशीची माफी मागा. तिने दोन्ही वेळा ताजीच तारली दिली असेल. फरक महिन्याचा आहे.

तारली पावसाळ्यात अंडी घालते, साधारण जून ते सप्टेंबर. १ जून ते ३१ जुलै आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा तिकडे तिची ही धामधूम चालू असते. गाभोळी फुकट भरत नाही. एकेका अंड्यात पिल्लाच्या पहिल्या काही दिवसांची शिदोरी बांधून द्यायची असते, तीही हजारो अंड्यांत, आणि ती निघते आईच्या अंगच्या चरबीतून. ऑगस्टअखेरची तारली म्हणजे तीन मुलींची लग्नं एका हंगामात उरकलेला बाप. कपडे तेच, खिसा रिकामा.

पाऊस ओसरला की भरायला सुरुवात. पावसाळी वाऱ्यांमुळे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत समुद्राचं खालचं थंड पाणी वर आलेलं असतं. त्या पाण्यात खत भरपूर, म्हणून डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पतींचं पीक तरारतं. तारलीच्या कल्ल्यांच्या आत बारीक दातेरी चाळण असते. तोंड उघडं ठेवून ती पाणी गाळत जाते आणि दिवसभर हे पीक कापत राहते. दोन-तीन महिन्यांत तिच्या अंगाची चरबी २-३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्याही वर जाते. ऑक्टोबर ते जानेवारी हे तिचे श्रीमंतीचे दिवस.

आता तव्यावरचं पाणी. माशाच्या मांसात पाणी आणि चरबी यांची बेरीज साधारण ८० टक्के राहते. चरबी गेली की तिच्या जागी पाणी येऊन बसतं, चरबी आली की पाणी हटतं. म्हणून ऑगस्टची तारली आणि नोव्हेंबरची तारली शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, तराजूलाही फार कळत नाही. तव्याला कळतं. पहिलीत पाणी चरचरलं, दुसरीत तेल सुटलं, म्हणजे तुमच्या तव्याने चोख रिपोर्ट दिला.

पुढच्या वेळी साफ करताना नीट बघा. भरल्या तारलीचं पोट चिरलं की आतड्यांच्या वेटोळ्यांना चिकटून पांढरट-पिवळट लोण्यासारखा पदार्थ दिसतो. कातडी सोलली तर खाली तोच थर, आणि मांसाच्या वड्यांमधल्या पातळ पडद्यांतही तोच. ऑगस्टच्या तारलीत तिथे नुसता ओला, पारदर्शक पापुद्रा असतो. बोटांची परीक्षाही आहे. नोव्हेंबरात हात नुसत्या पाण्याने सुटत नाहीत, बेसन लावावं लागतं.

हा लोण्यासारखा पदार्थ म्हणजे चरबीच्या पेशींचे घोस. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हाची माझी फजिती सांगते. एम. एस्सी.ला होते. तारलीच्या आतड्याभोवतीचा तुकडा घेतला, रीतसर अल्कोहोलमधून काढला, मग झायलीनमधून काढला, मेणात बसवला, काप घेतले, रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहते तर मधमाश्यांनी सोडून दिलेलं पोळं! नुसत्या भिंती, आत काही नाही. सरांना सांगितलं, "सर, पेशी रिकाम्या आहेत, मासा उपाशी असणार." सरांनी भिंगातून डोकं वर न काढता विचारलं, "तुकडा कशाकशातून काढलास?" मी यादी म्हणून दाखवली. "मग मासा पोटभर जेवलेला होता, बाई. तू त्याचं जेवण धुऊन टाकलंस." अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवतात, हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि सुचणं यांत दोन दिवसांचं काम फुकट गेलं.

दुसऱ्यांदा तुकडा गोठवून कापला आणि सुदान नावाच्या रंगात बुडवला. हा रंग पाण्यापेक्षा चरबीत जास्त रमतो. मग दिसले ते नारिंगी-तांबडे टपोरे गोळे, एकाला एक खेटून. एका पेशीत एकच मोठा थेंब. भाताने काठोकाठ भरलेल्या कणगीत माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहावा तसं पेशीचं केंद्रक कडेला चेपलेलं. पेशीचा बाकी सगळा संसार त्या थेंबाभोवतीच्या पातळ किनारीत. इतकी जागा देऊन टाकणारी पेशी मी तोवर पाहिली नव्हती.

प्रश्न : मी बारावीत आहे. पुस्तकात चरबीच्या पेशीला "ऊर्जेचं कोठार" म्हटलंय. पण कोठार भरायचं कधी आणि उघडायचं कधी, हे पेशीला सांगतं कोण? माशात आणि आपल्यात ते सारखंच असतं का? (कोल्हापूर)

उत्तर : तुझा प्रश्न पुस्तकापेक्षा चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर. परीक्षेत एवढं लिहू नकोस, दोनच मार्क असतात.

आधी भरणं. खाल्लेली चरबी आतड्यात सुटी होते, पुन्हा जोडली जाते आणि प्रथिनांच्या फडक्यात बांधलेल्या गाठोड्यांतून रक्तात निघते. ही गाठोडी पेशीच्या दारातून आत जात नाहीत. म्हणून केशवाहिनीच्या आतल्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं, ते गाठोडं दाराशीच सोडतं. सुटी फॅटी ॲसिडं, म्हणजे चरबीचे मूळ तुकडे, आत जातात आणि आत ग्लिसरॉलच्या एकेका रेणूला तीन-तीन अशी परत बांधली जातात. हे झालं ट्रायग्लिसराइड. ते मोठ्या थेंबात जाऊन मिळतं.

चरबीच का, पिष्ट का नाही? १ ग्रॅम चरबीतून ९ किलोकॅलरी निघतात, पिष्टातून किंवा प्रथिनातून ४. शिवाय ग्लायकोजेन, म्हणजे अंगात साठवलेलं पिष्ट, स्वतःच्या दोन-तीन पट पाणी सोबत घेऊन बसतं, चरबी कोरडी राहते. ओझं घेऊन हिंडणाऱ्याला हा हिशोब बरोबर कळतो. गावाला जाताना आपण तांदूळ नेतो, शिजवलेला भात नाही.

आता उघडणं. त्या थेंबाभोवती पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचा पहारा असतो. जेवण झालेलं असलं की इन्सुलिन साठवणुकीच्या बाजूने असतं आणि पहारा कडक राहतो. उपास पडला की ग्लुकागॉन आणि वाढीचं संप्रेरक यांचा निरोप येतो, पहारेकरी जरा सरकतो आणि आत तीन एन्झाइमं पाळीपाळीने कामाला लागतात. एटीजीएल पहिलं फॅटी ॲसिड तोडतं, एचएसएल दुसरं, मोनोग्लिसराइड लायपेज तिसरं. उरलेली ग्लिसरॉलची दांडी यकृताकडे जाते, तिथे तिचं ग्लुकोज करता येतं. फॅटी ॲसिडं रक्तातल्या प्रथिनांवर बसून जिथे गरज आहे तिथे पोचतात. मागच्या अंकातला बांगड्याचा लाल पट्टा हेच तर त्यांचं मोठं गिऱ्हाईक! दिवसभर संथ, न थकता पोहायचं काम त्या लाल स्नायूचं, आणि तो चरबी जाळतो. सुरमई मागे लागली की जी झेप घ्यायची ती बाजूच्या पांढऱ्या मांसाची, आणि तिला ग्लायकोजेन लागतं. म्हणून ती झेप फार टिकत नाही.

इथपर्यंत मासा आणि तू सारखेच. वेगळेपण पुढे आहे आणि मला तेच जास्त आवडतं.

आपण घाबरलो की ॲड्रेनलिन सुटतं आणि चरबीची कणगी उघडते, पळायला इंधन हवं ना! तिलापिया आणि कार्प या माशांत त्याचा भाऊ नॉरॲड्रेनलिन नेमकं उलटं करतो, चरबी सोडणं कमी करतो. वेडेपणा वाटेल, पण पहाटेच्या तळ्यात जाऊन उभी राहा. रात्रभर शेवाळाने आणि माशांनी ऑक्सिजन संपवलेला असतो, मासे पृष्ठभागावर येऊन आ वासत असतात. त्यांच्या जिवावरचा ताण हा आहे. चरबी जाळायला ऑक्सिजन लागतो. तो नाहीच, तर रक्तात फॅटी ॲसिडं ओतून करायचं काय? साचली तर उलट अपायच. सगळ्या माशांत हे असंच चालतं असं मात्र समजू नकोस, ट्राउट माशाचं गणित इतकं सरळ नाही.

आणखी दोन गोष्टी. "आता पुरे, पोट भरलं" असं मेंदूला कळवणारं लेप्टिन आपल्याकडे मुख्यतः चरबीच्या पेशीतून निघतं, माशांत ते मुख्यतः यकृतात बनतं. आणि मोठ्या माणसात चरबीच्या पेशींची संख्या बरीचशी ठरलेली राहते, असलेल्याच फुगतात किंवा आकसतात. मासा जन्मभर वाढतो आणि नव्या कणग्याही बांधत राहतो.

प्रश्न : मोरीचं मटण कोरडं, वरून तेल घातल्याशिवाय शिजत नाही. पण तिची कलेजी कढईत टाकली की तेलच तेल. असं का? (वेंगुर्ला)

उत्तर : मोरी, मुशी म्हणजे शार्क, आणि शार्कने चरबीच्या पेशींचं कोठार बांधलेलंच नाही. तिचं सगळं धन एका तिजोरीत, यकृतात. काही जातींत ते अंगाच्या चौथ्या हिश्शाइतकं भरतं. तारलीसारख्या बऱ्याच माशांना पोटात हवेचा फुगा असतो, शार्कला तो नसतो. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ही तिजोरीच तिला तरंगायलाही मदत करते.

मटण कोरडं असण्याचं कारण त्याहून गमतीचं. शार्कच्या स्नायूंना फॅटी ॲसिडं नीट जाळताच येत नाहीत. यकृत चरबी मोडून तिचे कीटोन नावाचे छोटे रेणू करतं आणि ते पाठवतं. घरात चूल एकच, बाकीच्यांना डबा. थंड समुद्रातला कॉड मासाही साठा यकृतातच ठेवतो. कॉडच्या मांसात १ टक्काही चरबी नसते, कलेजीत निम्म्याहून जास्त.

दुसऱ्या महायुद्धात कॉडलिव्हर ऑइलची आयात अडली, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शार्कच्या कलेजीचं तेल काढण्याचा धंदा उभा राहिला, त्यातल्या अ जीवनसत्त्वासाठी. माझ्या आठवणीत मात्र ते तेल औषध म्हणून नाही. आजोबा होडी ओढून ठेवली की फळ्यांना ते फासायचे, लाकूड पाण्याने कुजू नये म्हणून. त्या होडीच्या सावलीत आम्ही लपाछपी खेळायचो आणि घरी आल्यावर आजी उंबऱ्याबाहेरच अडवायची.

प्रश्न : डिसेंबरात आमच्याकडे खोबरेल बाटलीत गोठतं. मग थंड समुद्रातल्या माशाची चरबी त्याच्या अंगातच कशी गोठत नाही? (पुणे)

उत्तर : खोबरेलातली फॅटी ॲसिडं बरीचशी सरळ काठ्यांसारखी, मोळी घट्ट बसते, म्हणून २४ अंशांच्या आसपासच ते गोठतं. माशाच्या तेलातल्या बऱ्याच काठ्या वाकड्या असतात. जिथे दुहेरी बंध तिथे बाक. ओमेगा-३ मधल्या ईपीएत असे पाच, डीएचएत सहा. वाकड्या काठ्यांची मोळी बसत नाही, तेल पातळ राहतं आणि गार पाण्यातही पेशीतून काढता येतं. गोठलेली कणगी काय कामाची? हे ओमेगा-३ तारलीचं स्वतःचं कर्तृत्व नाही हेही सांगून टाकते. ते तिने खाल्लेल्या डायटमांचं.

त्याच बाकांवर हवेतला ऑक्सिजन चावा घेतो आणि तेल खवट होतं. फ्रीझरमध्ये जंतू थांबतात, हा खवटपणा पुरता थांबत नाही. म्हणून तेलाने भरलेली तारली आणाल त्या दिवशीच संपवा. बोंबील सुकवून वर्षभर राहतो, कारण त्यात चरबी जवळजवळ नसतेच. खारवलेला बांगडा पिवळा पडतो तो याच कारणाने.

प्रश्न : शेततळ्यात रोहू-कटला आहेत. कोंडा आणि शेंगदाणा पेंड भरपूर देतो. मासे वजनाला चांगले, पण पोटात चरबीचे गोळे निघतात, गिऱ्हाईक कुरकुरतं. काढणीआधी आठवडाभर उपाशी ठेवू का? (इंदापूर)

उत्तर : नको. एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवलं तर आतडं रिकामं होतं, वाहतुकीत पाणी घाण होत नाही, एवढंच. पोटातली चरबी आठवड्यात उतरत नाही. उपासात मासा आधी यकृतातला साठा खर्च करतो, पोटातल्या कणगीला हात नंतर लागतो, आणि गार पाण्यात त्याचा खर्चही कमी.

गोळे येतात ते कोंड्यातल्या पिष्टाने. रोहू-कटला पिष्ट बऱ्यापैकी पचवतात, आणि गरजेपेक्षा जास्त झालेल्या पिष्टाची चरबी करून आतड्याभोवती लावतात. कोंडा कमी करा, खाद्यात प्रथिनं २५ ते ३० टक्के येतील असं बघा. मोठ्या माशांना रोज त्यांच्या एकूण वजनाच्या १ ते २ टक्क्यांच्या वर खाद्य टाकू नका. तळ्यात ट्रे टांगून दोन तासांनी उचलून पाहा. उरलंय तर दुसऱ्या दिवशी हात आखडता. थंडीत तर नक्कीच. गिऱ्हाईक कुरकुरतं ते बरोबरच आहे, तो माशाच्या भावाने कोंडा विकत घेतोय.

प्रश्न : लेक कॅनडात, मी सहा महिने इथेच. दुकानातला सॉकाय सामन लालभडक, खमंग. पण नदीत चढणारा सामन बघायला गेलो, तर अंग लाल, तोंड आकड्यासारखं, आणि इथले लोक म्हणतात तो खाण्यात मजा नाही. एवढा दणकट मासा, मग मजा का नाही? (सध्या व्हँकुव्हर)

उत्तर : दुकानातला मासा समुद्रात, प्रवासाला निघण्याआधी धरलेला. तुम्ही पाहिलात तो प्रवास संपत आलेला. फ्रेझर नदीत शिरला की सॉकाय खाणं सोडतो, जठर आकसून जातं. त्यातले काही वरच्या तळ्यांपर्यंत १००० किलोमीटरहून जास्त, प्रवाहाविरुद्ध, एका घासाशिवाय चढतात. सगळा प्रवास समुद्रात भरलेल्या कणग्यांवर, आणि गाभोळीही त्यातूनच भरायची. पोचेपर्यंत चरबीचा ९० टक्क्यांहून जास्त भाग संपलेला असतो. मग मांसातलं प्रथिन मोडायला काढतो, तेही निम्म्याच्या आसपास जातं. गेलेल्याच्या जागी पाणी, आमच्या डोंबिवलीकर बाईंच्या ऑगस्टच्या तारलीसारखंच. मांसाचा लाल रंगसुद्धा कातडीवर जाऊन बसतो, म्हणून तो बाहेरून लाल आणि आतून फिका.

तारली पुढच्या पावसापर्यंत परत भरते. सॉकाय भरत नाही, अंडी घालून मरतो. खायचा तर दुकानातलाच घ्या. आणि ॲडम्स नदी तुमच्यापासून एका दिवसाच्या रस्त्यावर आहे. तिथे दर चौथ्या वर्षी, ऑक्टोबरात, ते फार मोठ्या संख्येने चढतात. २०२२ साली चढले होते, आता पाळी २०२६ ची. तेव्हा तिथे असाल तर काठावर उभं राहून माझ्या वाटणीचंही बघून घ्या.